उजवीकडे कोण, डावीकडे कोण

[दृश्य: नदीकाठची पायवाट, सकाळ]

पूर्व बंगालातलं फरीदपूर. १८६०च्या दशकातली एक सकाळ. शाळेच्या वाटेवर एक गडी निघालाय, खांद्यावर मालकाचा मुलगा. हा गडी पूर्वीचा दरोडेखोर. त्याला तुरुंगात धाडलं होतं ते याच मुलाच्या वडिलांनी, डेप्युटी मॅजिस्ट्रेट भगवानचंद्र बोस यांनी. सुटून आल्यावर काम मागायला तो त्यांच्याच दारात उभा राहिला, आणि त्यांनी त्याला मुलाची ने-आण करायला ठेवून घेतलं! वाटेत तो जुन्या लुटालुटीच्या हकिकती सांगायचा. असा सोबती मिळाल्यावर शाळेला जायचा कंटाळा कोण करेल?

हा मुलगा म्हणजे जगदीशचंद्र बोस. जन्म ३० नोव्हेंबर १८५८.

शाळा होती बंगाली. साहेबी नोकरीतल्या माणसानं मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं, अशी तेव्हाची रीत. भगवानचंद्रांचं म्हणणं वेगळं होतं: आधी आपली भाषा, आपली माणसं, इंग्रजी मागाहून.

[दृश्य: कोलकाता, जुनी छायाचित्रं]

ते मागाहूनचं इंग्रजी मात्र जड गेलं. १८६९मध्ये हेअर स्कूल आणि लगेच सेंट झेवियर्स. वर्गात इंग्रजी बोलणारी मुलं, आणि हा खेड्याकडून आलेला. पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों भेटले. पदार्थविज्ञान ते फळ्यावर कमी आणि प्रयोगाच्या टेबलावर जास्त शिकवत.

पदवीनंतर आयसीएस, म्हणजे इंग्रज सरकारचा बडा सनदी अधिकारी, व्हायचं मनात होतं. वडिलांनी नकार दिला. मग लंडनला वैद्यकीच्या अभ्यासाला गेले, पण तापानं पिच्छा सोडला नाही, आणि शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसवेना. ते शिक्षण सुटलं. आमच्या मते, बरंच झालं. कारण त्यानंतर ते केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले. केंब्रिज विद्यापीठात तेव्हा एकीकडे लॉर्ड रॅले भौतिकी शिकवत होते आणि दुसरीकडे चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस वनस्पतिशास्त्र. विजेच्या लहरी आणि झाडांची संवेदना, बोस यांनी पुढे दोन्ही धुंडाळलं.

[दृश्य: पुन्हा नदीकाठ]

१९१५ साली ढाक्याजवळच्या विक्रमपूरच्या संमेलनात ते बोलायला उभे राहिले, तेव्हा जगभर नाव झालं होतं. तिथे त्यांना आठवली ती बंगाली शाळा. उजव्या हाताला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसायचा, डाव्या हाताला कोळ्याचा. पाखरांच्या, जनावरांच्या, पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी पहिल्यांदा ऐकल्या त्या या दोघांकडून. शाळा सुटली की सगळे बोसांच्या घरी. आई सगळ्यांना सारखंच वाढायची.