खुर्चीचा अधिकार

[दृश्य : बँकेची शाखा. काउंटरसमोर रांग.]

काउंटरवरची क्लार्क व्हाउचरची एंट्री करते. आतल्या टेबलावरचा ऑफिसर ती तपासून पास करतो. बँकेच्या बोलीत एक मेकर, दुसरा चेकर. सॉफ्टवेअर दोघांसमोर तेच, पण क्लार्कच्या स्क्रीनवर ‘पास’चं बटण नाहीच. रक्कम ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, की व्यवहार ऑफिसरकडूनही पुढे सरकतो, मॅनेजरकडे.

१९९२ साली अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेतल्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी कामानुसार अधिकार वाटण्याच्या या पद्धतीला नेमकं रूप दिलं. तोवर दोन रीती होत्या. एक लष्करी : कागदावर गोपनीयतेचा शिक्का, माणसाला त्या तोडीची मंजुरी. दुसरीत फाइल ज्याची, त्यानेच ती कोणाला दाखवायची ते ठरवायचं. पण खातेदाराची माहिती क्लार्कच्या मालकीची कुठे असते? म्हणून परवानगी माणसाला न देता कामाला द्यायची, रोलला. माणसाला फक्त रोल मिळतो. २००४ मध्ये हे अमेरिकेचं राष्ट्रीय मानक झालं.

[दृश्य : प्रोग्रामरची स्क्रीन. रोलची लांबच लांब यादी.]

सुरुवातीला तीन रोल पुरतात. मग ऑडिटरला सगळं बघायचं असतं, पण बदलायचं काहीच नसतं. कोणी रजेवर जातं, त्याचं काम दुसऱ्याकडे येतं. दर वेळी नवा रोल काढला, तर ‘नाशिक मॅनेजर’, ‘सातारा मॅनेजर’ अशी यादी वाढतच जाते. आमच्या मते इथे खरी कारागिरी लागते. मॅनेजर हा रोल एकच ठेवायचा. शाखा आणि रकमेची मर्यादा वेगळी नोंदवायची. आणि कोडमध्ये ‘हा मॅनेजर आहे का?’ असं विचारायचंच नाही. ‘याला हे व्हाउचर पास करता येतं का?’ एवढंच विचारायचं. मग उद्या कामांची वाटणी बदलली, तरी कोडला हात लावावा लागत नाही.

सर्वांत धोक्याची वेळ बढतीची. क्लार्क ऑफिसर होते, नवा रोल मिळतो, जुना काढायचा राहून जातो. आता एंट्रीही तिचीच, मंजुरीही तिचीच. १९९५ साली बेअरिंग्ज ही लंडनची जुनी बँक बुडाली. तिच्या सिंगापूरच्या कचेरीत सौदे करणं आणि त्यांचा हिशेब मिटवणं, दोन्ही निक लीसन या एकाच माणसाच्या हाती होतं.

म्हणून हे दोन रोल एका माणसाला मिळूच नयेत, असा नियम सिस्टीममध्येच घालतात. छोट्या शाखेत माणसं मोजकी, तिथे तो पाळणं अवघड. तिथे निदान ज्या आयडीने एंट्री केली, त्याच आयडीने ते व्हाउचर पास होऊ द्यायचं नाही.

[दृश्य : मॅनेजर यादी तपासताना.]

ठरावीक काळाने कोणाकडे कोणते रोल आहेत, याची यादी मॅनेजरपुढे येते. ती लांबलचक असली, की न वाचताच सही होते. त्यापेक्षा नुकत्याच बदली किंवा बढती झालेल्यांची नावं वर आणावीत, आणि कित्येक महिन्यांत एकदाही न वापरलेल्या परवानग्या त्यांच्याखाली.