निधनवार्तेची शेवटची ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

घराण्याची वंशावळ लिहायला घेतली की दोन-तीन पिढ्या भराभर जमतात आणि मग घोडं अडतं. बहुतेक वेळा अडतं ते बायकांपाशी. जुन्या वंशावळींत मुलगे, नातू, पणतू सगळे असतात. आत्या, मावश्या, पणजीच्या बहिणी कुठेच नसतात. लेक सासरी गेली की तिची नोंद थांबली, आणि तिथे नाव बदललं की माहेरची खूणही गेली. अशा वेळी माझं आग्रहाचं सांगणं असतं, की जुन्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता काढून बसा.

मयताचं पत्र घरात ठेवायचं नाही, अशी आपल्याकडे रीत होती. कार्ड आलं, वाचलं, फाडून टाकलं. त्यामुळे जुन्या ट्रंकेत लग्नपत्रिका सापडतात, ही कार्डं सापडत नाहीत. वर्तमानपत्रात छापलेलं मात्र वाचनालयातल्या बांधीव फायलींत राहिलं. पुण्यात १९३२ साली 'सकाळ' निघाला आणि त्याने स्थानिक बातम्यांना मोठी जागा दिली. अशा दैनिकांत गल्लीतल्या शाळामास्तरांचीही चार ओळींची वार्ता येऊ लागली.

या चार ओळी कशा वाचायच्या? नावाआधीचं अक्षर पाहा. 'सौ.' असेल तर पती तेव्हा हयात होते, म्हणजे त्यांची वार्ता नंतरच्या फायलींत शोधायची. 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी, विधवा, असेल तर आधीच्या. मग येतं, 'त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन विवाहित मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.' मुलगे पुष्कळदा नावानिशी, मुली नुसत्या मोजलेल्या. हे वाचताना दर वेळी जिवाला लागतं. पण निदान तीन मुली होत्या, हे तरी कळलं! आणि शेवटची ओळ अजिबात सोडू नका. 'नाशिकचे वकील अमुक अमुक यांच्या त्या भगिनी होत.' भगिनी म्हटलं की ते आडनाव बहुधा तिच्या माहेरचं. वंशावळीने जे कधी सांगितलं नाही, ते इथे गावासकट मिळतं.

सगळंच खरं मानू नये. वय अंदाजे असतं. ऐंशी म्हणजे अठ्ठ्याहत्तर असू शकतं. भाऊबंदकीत एखाद्याचं नाव मुद्दाम गाळलेलंही असतं. शिवाय पैसे देऊन जाहिरात देणं सगळ्यांना कुठे परवडत होतं? शेतमजुरांची, वस्तीवरची माणसं या पानांवर क्वचितच दिसतात. त्यांच्यासाठी तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, मागावं. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात.

तारीख ठाऊक नसते, ही नेहमीची अडचण. घरातल्या वडीलधाऱ्यांना साल विचारू नका, त्या वेळी काय घडलं होतं ते विचारा. 'पानशेत फुटलं ना, त्यानंतरच्या दिवाळीत आजी गेली,' असं कोणी म्हणालं की काम झालं. पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. तेव्हा त्या वर्षीच्या नोव्हेंबरची फाईल मागवायची.

तारीख लागली तरी फाईल लगेच मिटू नका. पुढच्या दोन आठवड्यांत दशक्रियेची किंवा तेराव्याची सूचना असू शकते, आणि तिच्याखाली 'शोकाकुल' म्हणून नावांची रांग. नंतर वर्षभराने प्रथम पुण्यस्मरण. ते तिथीप्रमाणे असेल तर इंग्रजी तारीख दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि मध्ये अधिक महिना आला असेल तर अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. म्हणून तिथे अख्ख्या महिन्याचे अंक चाळावे लागतात. तेवढे चाळाच, कारण पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत पुष्कळदा फोटो असतो, आणि वार्तेत नुसत्या मोजलेल्या मुली कधी कधी इथे सासरच्या आडनावांसह भेटतात.

नमस्कार.