पाचवीचे वर्ष आणि मुलाची संध्याकाळ

(दृश्य : जून महिना. शाळेचे फाटक, छत्र्या, मुलांना सोडायला आलेले पालक.)

महाराष्ट्रातल्या अनेक घरांमध्ये मूल पाचवीत गेले की एकाच वर्षात चार-पाच निर्णय दारात येऊन उभे राहतात. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश हवा असेल, तर त्याची निवड परीक्षा पाचवीत असतानाच द्यावी लागते आणि ती एकदाच देता येते. सातारच्या सैनिक शाळेत जायचे असेल, तर तिची अखिल भारतीय प्रवेश परीक्षाही याच सुमारास येते. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथीला असे, ती २०१६-१७ मध्ये पाचवीला आली; ती पुन्हा चौथीला नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी प्रशालेसारख्या शाळेत मूल पाचवीलाच घेतले जाते, म्हणजे तिथल्या चाचण्यांचा विचार आदल्या वर्षीच करावा लागतो. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत इतके फॉर्म एकदम भरायची वेळ येते, तेव्हा आईवडिलांची झोप उडाली तर नवल नाही.

याच्या जोडीला आधीपासून चालू असलेले वर्ग असतातच. सोमवारी आणि गुरुवारी तबला, मंगळवारी आणि शुक्रवारी बुद्धिबळ, शनिवारी चित्रकला, रविवारी सकाळी पोहणे, आणि आता रोज संध्याकाळी शिष्यवृत्तीचा जादा तास. यातली एकही गोष्ट मुळात वाईट नाही, आणि ती मुलाला मिळावी म्हणून आईवडील जी धडपड करतात तिच्याविषयी आम्हाला मनापासून आदर आहे. परंतु या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मोजायची राहून जाते, आणि ती म्हणजे शिकलेले अंगी मुरण्यासाठी लागणारा मोकळा वेळ. वर्गात धडा मिळतो; तो हातात उतरतो तो दोन वर्गांच्या मधल्या दिवसांत, आणि नेमके तेच दिवस आपण दुसऱ्या वर्गांनी भरून टाकतो.

(दृश्य : मिरज शहर. तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिरांची गल्ली.)

गाण्याचा किंवा तबल्याचा ‘क्लास’ आता इतका अंगवळणी पडला आहे की ही व्यवस्था तशी अलीकडची आहे, हे चटकन लक्षात येत नाही. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, ते गुरुशिष्य परंपरेच्या कडक शिस्तीत. पुढे त्यांनीच १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपी, छापील पुस्तके यांच्या आधारे संगीत शाळेसारखे शिकवता येते हे दाखवून दिले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही आज घरोघरी माहीत असलेली परीक्षांची चढण त्या मंडळाची. ज्यांच्या घरात कोणी कधी गायले-वाजवले नव्हते, अशा असंख्य मुलामुलींपर्यंत संगीत पोहोचले ते या वाटेने, आणि हे ऋण फार मोठे आहे.

या बदलात एक गोष्ट मात्र हातातून सुटली. शिष्य गुरूच्या सहवासात असे तेव्हा त्याचा रियाझ गुरूच्या कानांवर पडत असे. बोट चुकीच्या जागी पडले, तर आतल्या खोलीतून हाक येई. वर्गाच्या पद्धतीत शिकवणे गुरूकडे राहिले आणि रियाझ घराच्या हवाली झाला. म्हणजे आईवडिलांनी फी भरली की त्यांचे काम संपत नाही. त्यानंतर घरात रोज अर्धा तास, तोही टीव्ही बंद असलेला, राखून ठेवायचे काम त्यांच्याकडे येते. आठवड्यातून दोनदा मुलाला स्कूटरवरून वर्गाला पोहोचवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

(दृश्य : तबल्याचा वर्ग. कॅमेरा मुलाच्या उजव्या हाताच्या बोटांवर.)

तबल्यावर ‘ना’ हा बोल वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या बाहेरच्या कडेवर पडते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाच्या कडेला हलकीशी टेकलेली राहते. हे ‘हलकेसे’ फार महत्त्वाचे आहे. अनामिका उचलली गेली तर नाद पसरतो, दाबली गेली तर नाद बसतो. दहा वर्षांचा एक मुलगा तीनतालातील कायदा, म्हणजे सरावाची एक ठरलेली रचना, वाजवतो आहे : धा धा ति ट, धा धा तू ना. बरोबरीच्या लयीत प्रत्येक अक्षर स्वच्छ निघते. दुगुण, म्हणजे दुप्पट लय, सुरू होताच अनामिका नकळत दाबली जाऊ लागते आणि ‘ना’ मुका होतो. सर त्याला थांबवतात, लय उतरवायला लावतात, पुन्हा पहिल्यापासून वाजवून घेतात. एवढी एक गोष्ट सुधारायला एक तास पुरत नाही. त्याच जागी बोट ठेवून तेच चार बोल रोज वाजवत राहिले, तर काही आठवड्यांनी हाताला ती सवय लागते, आणि मध्ये चार दिवस गेले तर ती मोडते.

वर्ग सुटल्यावर त्याची आई सरांना विचारते, “सर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राला याचा प्रवेशिकेचा फॉर्म भरू या का? पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती नसली तरी अभ्यास वाढेल हो.”

सर क्षणभर थांबतात. “ताई, घरी रोज बसतो का तो?”

“कसा बसणार, सर? साडेसातला जादा तासाहून येतो, जेवतो आणि पेंगायला लागतो.”

“मग फॉर्म एप्रिल-मेला भरू. परीक्षा तो आत्ताही पास होईल. पण हात असाच राहिला, तर पुढे मध्यमेला मी काय करू?”

असे स्पष्ट सांगणारे गुरुजी लाभणे हे भाग्यच म्हणायला हवे. प्रमाणपत्र मिळते म्हणून परीक्षा घाईने देत जाणाऱ्या मुलांची संख्या कमी नाही, आणि दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला व क्रीडा यांसाठी वाढीव गुण मिळतात, हेही त्या घाईमागचे एक कारण आहे. गुण देण्यामागचा शासनाचा हेतू चांगलाच होता. पण गुणांसाठी शिकलेली कला गुण मिळाल्यावर किती घरांत टिकते, हा प्रश्न पालकांनी स्वतःला विचारायला हवा.

वेळेचा हिशेब कागदावर मांडला की डोळे उघडतात. शहरात एका तासाच्या वर्गाला जाण्यायेण्यासह दोन तास सहज लागतात. आठवड्यातले असे दोन वर्ग कमी केले तर चार तास हातात येतात, आणि राहिलेल्या एका कलेच्या किंवा खेळाच्या सरावाला रोज अर्धा तास देऊनही त्यातून थोडा वेळ निव्वळ खेळण्यासाठी उरतो. कोणता वर्ग ठेवावा हे ठरवताना मूल वर्गात किती रमते यापेक्षा वर्ग नसलेल्या दिवशी ते काय करते, याकडे पाहावे असे आम्हाला वाटते. न सांगता कागद-पेन्सिल घेऊन बसणारे मूल, जेवताना ताटाच्या कडेवर बोल वाजवणारे मूल आपले उत्तर देऊन मोकळे झालेले असते. अर्थात कंटाळा आला म्हणजे आवड संपली, असेही समजू नये. कोणत्याही विद्येत पहिले नवेपण ओसरल्यावर एक रखरखीत टप्पा येतो, आणि तो मुलाने मोठ्यांच्या आधाराने पार करायचा असतो. चालू सत्र पूर्ण होऊ द्यावे, मग शांतपणे बोलावे, आणि त्यानंतरही मुलाचे मन नसेल तर वर्ग सोडताना त्याच्या मनात अपराधी भाव राहू देऊ नये.

(दृश्य : अमरावती जिल्हा. नवोदय विद्यालयाचे वसतिगृह, सकाळची कवायत.)

विशेष शाळांचा विचार करतानाही वेळेचाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर नवोदय विद्यालयांची योजना आकाराला आली. देशातील पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे सुरू झाली. सहावीला साधारण ८० विद्यार्थी घेतले जातात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. त्यातले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० गणिताचे आणि २० भाषेचे. म्हणजे निम्मा पेपर आकृत्यांचा आहे, आणि तो घोकून येत नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांमध्ये गुरुजी शाळा सुटल्यावर थांबून, एक पैसा न घेता, मुलांकडून या आकृत्या फळ्यावर सोडवून घेतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण शिक्षणातील ही कामगिरी फारशी कोणाच्या नजरेला पडत नाही, म्हणून तिचा उल्लेख येथे मुद्दाम करतो आहोत.

निवड झाली की राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा भार सरकार उचलते; नववीपासून काही गटांतील विद्यार्थ्यांकडून विकास निधी घेतला जातो. पण निकालाच्या आनंदात काही गोष्टी पालकांच्या लक्षात येत नाहीत. आठवीपर्यंत शिकवणे प्रादेशिक भाषेत, त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीत, हे या विद्यालयांचे धोरण आहे. नववीत काही मुलांना एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयमध्ये राहायला पाठवले जाते. त्यामागे राष्ट्रीय एकात्मतेचा सुंदर विचार आहे, परंतु घरी त्याची पूर्वकल्पना असावी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही की अकरा वर्षांचे मूल घरातून जाते, ते सुट्टीपुरतेच परत येते. ज्याला अजून रात्री आईच्या शेजारी झोपायला लागते, त्याला कितीही गुण पडले तरी त्याच्याशी या विषयावर आधी बोलायला हवे, कारण वसतिगृहातल्या पहिल्या काही आठवड्यांची रडारड त्यालाच सोसायची असते.

सैनिक शाळेबद्दलही थोडे बोलायला हवे. सातारची शाळा १९६१ मध्ये सुरू झाली, ती देशातली पहिली सैनिक शाळा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी विद्यार्थी घडवणे हे या शाळांचे मूळ उद्दिष्ट, आणि २०२१-२२ पासून सर्व सैनिक शाळांमध्ये मुलींनाही प्रवेश खुला झाला. “घरी ऐकत नाही, तिथे वळण लागेल,” या विचाराने मुलाला तिथे पाठवू पाहणारे पालक भेटतात, तेव्हा काळजी वाटते. पहाटेपासून रात्रीपर्यंत आखलेला दिवस ज्याला आवडतो, मैदानावर ज्याचा जीव रमतो, त्याच्यासाठी ती शाळा आहे. शिक्षा म्हणून पाठवलेले मूल तिथे शिस्त शिकण्याऐवजी घराविषयीचा राग घेऊन मोठे होण्याची शक्यता अधिक.

(दृश्य : बालेवाडी, पुणे. क्रीडा प्रबोधिनीच्या मैदानावर धावणारी मुले.)

मुलासाठी खेळ आधी ठरवावा की शाळा, या प्रश्नाला नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्या वाटचालीतून एक विचार करण्याजोगे उत्तर मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे त्यांचे गाव, वडील शिक्षक. २००९ मध्ये वडिलांनी त्यांना राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले, आणि नेमबाजी हा खेळ त्यांनी निवडला तो तिथे वर्षभर प्रशिक्षण घेतल्यानंतर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले. प्रबोधिनीचा दरवाजा आणि पदक यांच्यामध्ये पंधरा वर्षे आहेत. ज्या घरात सहाव्या वर्षी खेळ ठरतो आणि आठव्या वर्षी तो बदलतो, त्या घराने या पंधरा वर्षांतल्या पहिल्या वर्षाकडे नीट पाहावे : आधी शरीर घडले, मग खेळ निवडला गेला.

सगळ्यांनाच घर सोडून जायचे नसते, आणि जाण्याची गरजही नसते. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले कमला निंबकर बालभवन, लीला पाटील यांनी कोल्हापुरात उभी केलेली सृजन आनंद, पुण्यातील अक्षरनंदन या मराठी माध्यमाच्या शाळांनी हाताने करण्याच्या गोष्टी, गाणे, चित्र, नाट्य यांना शाळेच्या दिवसातच जागा दिली. तिथल्या पालकांना संध्याकाळी फार धावावे लागत नाही, कारण शाळेनेच ते काम मनावर घेतलेले असते.

खरे तर कायद्याची अपेक्षाही हीच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, असावेत, असे स्पष्ट लिहिलेले आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर अभ्यासक्रमातील आणि अभ्यासक्रमाबाहेरील असा काटेकोर भेदच मानत नाही. तरीही चित्रकलेचा तास गणिताला देण्याची आणि खेळाचा तास परीक्षेच्या तयारीला देण्याची प्रथा ठिकठिकाणी चालू आहे, आणि शाळेने दुपारी काढून घेतलेले हे तास संध्याकाळी पालक पैसे मोजून विकत घेतात. ज्यांना ते परवडत नाहीत, त्यांच्या मुलांचे तास सरळ बुडतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्या सदस्यांपैकी तीन चतुर्थांश पालक असतात. आठवड्याच्या वेळापत्रकात कला आणि खेळाचे तास किती आहेत, गेल्या महिन्यात त्यांपैकी प्रत्यक्षात किती झाले, निदेशकांची पदे भरलेली आहेत का, हे तीन प्रश्न कोणताही पालक-सदस्य समितीच्या बैठकीत मांडू शकतो आणि मिळालेली उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घेऊ शकतो.