गाव कोणत्या महिन्यातलं?

नमस्कार श्रोतेहो.

गावाची लोकसंख्या किती, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: कोणत्या महिन्यातली?

2011 च्या जनगणनेत मी प्रगणक होते. शाळेतल्या शिक्षकांच्या वाट्याला हे काम येतंच. गाव बीड जिल्ह्यातलं. 2010 च्या उन्हाळ्यात घरयादीसाठी बंजारा समाजाच्या तांड्यावर गेले, तेव्हा दारोदारी खाटा टाकलेल्या होत्या आणि पोरांचा नुसता गलका चालला होता. फेब्रुवारीत माणसं मोजायला गेले, तर ओळीनं कुलपं. दिवाळी सरली की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावरच परततात. मागे उरतात म्हातारीकोतारी आणि त्यांच्यापाशी ठेवलेली शाळकरी नातवंडं.

एका आजींनी मला घरातली नऊ नावं सांगितली. लिहिता आली तीनच. गणना 9 ते 28 फेब्रुवारीत होती आणि तेवढ्या दिवसांत जो गावी फिरकलाच नाही, त्याची नोंद तो असेल तिथं व्हायची, असा नियम. "बाकीच्यांना कोण लिहिणार, बाई?" आजींनी विचारलं. उसाच्या फडावर लिहितील, असं मी म्हणाले खरं, पण फडाजवळच्या त्यांच्या कोपीपर्यंत, म्हणजे पाचटाच्या झोपडीपर्यंत, कुणी पोचलं की नाही, याचा घोर मला आजही आहे.

यात डोकी कमी भरतात एवढंच नाही. गावाचा चेहराच बदलतो. बागायतदार, दुकानदार, नोकरदार घरीच असतात. कुलपं लागतात ती तांड्यावर, दलित वस्तीत, कोरडवाहू शेतकऱ्याच्या दाराला. ग्रामपंचायतीत सात सदस्य की नऊ, राखीव जागा किती, निधी किती, हे सारं त्या आकड्यावरच ठरतं.

कोकणात याचंच दुसरं रूप दिसतं. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. तिथं मुली जास्त जन्मतात असं नव्हे, पुरुष मुंबईला. तेच गाव गणपतीत मोजा, आकडा वेगळा येईल.

बीडचा एक आकडा मात्र ऊसतोडीच्या नावावर टाकता येत नाही. सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलांमागे मुली फक्त 807. त्या कुठं कामाला गेल्या नव्हत्या. त्यांना जन्मूच दिलं नव्हतं.

पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. म्हणजे पुन्हा ऐन गाळपाचे दिवस. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत पहिल्यांदाच सगळ्यांची जात नोंदली जाणार आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो. गेल्या वेळी अर्जात फक्त अनुसूचित जाती-जमातींचा रकाना होता, त्यामुळं हा समाज कागदावर वेगळा दिसलाच नाही. आता दिसेल, पण कोपीत जाऊन कुणी विचारलं तरच.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या माझ्या प्रगणक बंधुभगिनींना म्हणून एक विनंती. दिवसा जाल तर कोप्या रिकाम्या दिसतील, कारण माणसं पहाटेच फडात गेलेली असतात. गाडी भरून कारखान्याकडे निघाली, की बाया चूल पेटवायला परततात. तेव्हा जा. आणि नावं विचारताना, गावी राहिलेल्या आजीचं नाव पुन्हा लिहू नका. ती तिकडं मोजली गेली असेल.