शेंगेन व्हिसा: तारखा वेगळ्या, दिवस वेगळे

नमस्कार श्रोतेहो. युरोपचा शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या देशांचा मिळून एकच व्हिसा, लागून पासपोर्ट परत आला की आपण काय करतो? पान उघडून स्टिकर पाहतो, हायसं वाटतं आणि बॅगा भरायला घेतो. स्टिकरवर काय लिहिलंय ते वाचायचं राहूनच जातं. आज ते वाचू. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, थोडी आकडेमोड आहे.

स्टिकरवर ‘फ्रॉम’ आणि ‘अन्टिल’ अशा दोन तारखा असतात. शिवाय ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ या शब्दांखाली एक आकडा असतो. फसगत होते ती इथे. समजा, तारखा 5 जून ते 4 जुलै आहेत आणि आकडा आहे 15. म्हणजे या तीस दिवसांच्या खिडकीतले कुठलेही पंधरा दिवस तुमचे, तीस नव्हेत. 10 जूनला उतरलात तर पंधरावा दिवस 24 जून. त्या दिवशी बाहेर पडायचं, 4 जुलैपर्यंत थांबायचं नाही. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो अख्खा दिवस खर्ची पडला.

तिसरी जागा ‘नंबर ऑफ एंट्रीज’. तिथे एक, दोन किंवा ‘मल्ट’, म्हणजे कितीही वेळा, असं असतं. एक असेल तर एकदा बाहेर पडलात की परतीचं दार बंद. आता बाहेर म्हणजे कुठे? शेंगेनमध्ये 29 देश आहेत, पण ती युरोपियन युनियनची यादी नव्हे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत, शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रसचं नेमकं उलटं. ब्रिटन दोन्हींत नाही. त्यामुळे पॅरिसहून दोन दिवस लंडनला जाऊन परत पॅरिसला यायचं असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतोच, पण शेंगेनच्याही दोन एंट्री लागतात. हे अर्ज भरतानाच मागायचं.

‘मल्ट’ व्हिसा असणाऱ्यांसाठी दुसरा हिशेब. कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. हे 180 दिवस जानेवारीपासून नाही, तर आजपासून मागे मोजायचे, आणि रोज नव्याने. 1 मार्च ते 29 मे असे सलग 90 दिवस राहिलात, तर पुन्हा पाऊल टाकता येईल ते 28 ऑगस्टला. एक दिवस सीमेपलीकडे जाऊन आलं की मोजणी शून्यावर येते, हा समज चुकीचा आहे. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर टप्प्याटप्प्याने शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंद आली, चेहरा आणि बोटांच्या ठशांसह. पुसट शिक्क्यावर निभावून जायचे दिवस गेले.

आता अर्जाकडे येऊ. अर्ज सोयीच्या देशाकडे नाही, मुख्य मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा. इटली तीन दिवस, स्वित्झर्लंड पाच, फ्रान्स चार, तर स्वित्झर्लंडकडे. दिवस समसमान असतील तर जिथे आधी प्रवेश तिथे. एखाद्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथे अर्ज टाकायचा आणि मुक्काम भलतीकडे दाखवायचा, हे हॉटेल बुकिंगवरूनच उघडं पडतं.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण ते 45पर्यंत लांबू शकतात. तेव्हा शेवटची तारीख गाठण्यात शहाणपण नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस झाकणारा. विमान एक दिवस पुढे ढकललं आणि विमा जुन्याच तारखांचा राहिला, असं फार होतं.

विमान बदलणाऱ्यांना एक सांगायचंय. अमेरिकेला जाताना फ्रँकफर्ट आणि मग ॲमस्टरडॅम असे दोन थांबे असतील, तर मधलं उड्डाण शेंगेनमधलं, देशांतर्गत असावं तसं. ते पकडायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे पुरा शेंगेन व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट पाहताना थांबे मोजा. आणि एकाच थांब्यावरसुद्धा काही देशांच्या नागरिकांना विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो.

व्हिसा असला तरी प्रवेशाचा शेवटचा शब्द सीमेवरच्या अधिकाऱ्याचा. परतीचं तिकीट, राहण्याची जागा, खर्चाची सोय, विमा, यांतलं काहीही तो मागू शकतो. ही कागदं छापून हातातल्या पिशवीत ठेवा. बॅग सामानात गेलेली असते, फोनची बॅटरी संपलेली असते. पहिली तपासणी तर निघतानाच, विमान कंपनीच्या काउंटरवर होते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून तिथली माणसं कागद बारकाईने पाहतात.

पासपोर्ट परत हाती आला की त्याच दिवशी स्टिकर तपासा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, दोन तारखा, दिवसांचा आकडा आणि एंट्री. चूक सापडली तर लगेच कळवा. निघायच्या आदल्या रात्री सापडलेली चूक दुरुस्त करून द्यायला कुठलंच कार्यालय उघडं नसतं. नमस्कार.