धूड आणि डबी: जुना डीएसएलआर, नवा कॉम्पॅक्ट

मी येताना घरातला वजनकाटा आणलाय, रवा-मैदा मोजायचा, तो आधी बघू. हा माझा निकॉन डी-९०, डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, त्याला १८-१०५ मिलिमीटरची झूम लेन्स, आत बॅटरी आणि कार्ड, आणि हा रंग उडालेला पट्टा. बघा, बाराशेला थोडं कमी भरलं. आता हा दुसरा, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, सोनीचा आरएक्स १०० मार्क ५ ए, बॅटरी-कार्डासकट २९९ ग्रॅम. म्हणजे एका पारड्यात ते धूड ठेवलं तर दुसऱ्यात असल्या चार डब्या बसतील. धूड हा शब्द माझा नाही हं, लेकीचा आहे. गेल्या वर्षी तिने ही डबी हातात ठेवली आणि म्हणाली, आई, आता ते धूड विकून टाक.

डी-९० आला २००८ च्या ऑगस्टमध्ये, मी पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी घेतला. तेव्हा त्याचं फार कौतुक होतं कारण व्हिडिओ काढणारा तो पहिला डीएसएलआर, १२ मेगापिक्सेल, आणि बॉडीतच फोकसची मोटर, त्यामुळे फिल्मच्या काळातल्या ऑटोफोकस लेन्सासुद्धा त्यावर चालतात. ही डबी २०१८ ची. म्हणजे नवी म्हणायची ती त्यातल्या त्यात, पण दहा वर्षांनी धाकटी, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये दहा वर्षं म्हणजे तीन पिढ्या झाल्या. मी एका दुकानात धुडाची किंमत विचारून आले, नाव कशाला सांगू, तो म्हणाला लेन्ससकट आठ हजार देतो, आणि बॅग पण ठेवून जा. ते बॅगचं ऐकून मला राग आला. म्हटलं आधी दोन महिने दोन्ही शेजारी शेजारी वापरून बघते, मग काय ते ठरवते. त्या दोन महिन्यांची ही हकिगत.

मी बावीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या, त्यामुळे थोडा हिशोब होणारच, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश झेलणारी चिप. ह्या डबीतल्या सेन्सरला एक इंची म्हणतात, आणि मी पट्टी घेऊन बसले तर तो कुठूनही एक इंच येत नाही. १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, कर्ण धरला तरी १६ मिलिमीटरच्या आत. नाव कुठून आलं, तर जुन्या टीव्ही कॅमेऱ्यात काचेची नळी असायची, त्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, चित्र पडायची जागा आत त्याच्या दोन तृतीयांश वगैरे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी गेल्या दहा-वीस वर्षांत फ्लॅट घेतलाय त्यांना मी वेगळं काय सांगू, सुपर बिल्ट-अप आणि कार्पेट. तर कार्पेट एरिया निघाला ११६ चौरस मिलिमीटर. डी-९० चा २३.६ बाय १५.८, म्हणजे ३७३ च्या आसपास. साधारण ३.२ पट. आता एवढ्यावरच लोक थांबतात आणि म्हणतात बघा, डीएसएलआर तो डीएसएलआर. मीही पंधरा वर्षं हेच म्हणत होते.

पण सेन्सर म्हणजे गच्चीत ठेवलेली परात आहे, आणि परातीत पाणी किती साठेल हे नुसतं परातीच्या आकारावर नाही ना ठरत, पाऊस कसा पडतोय ते पण बघायला लागेल. अपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं प्रकाश येण्याचं भोक, त्याचा आकडा म्हणजे पावसाचा जोर. आकडा लहान तितका जोर जास्त. माझी १८-१०५ वाइडला, म्हणजे झूम न करता, जास्तीत जास्त साडेतीनपर्यंत उघडते, ही आपली पुण्यातली भुरभुर. डबीची लेन्स १.८ ला उघडते, ती ताम्हिणीतली झोड. साडेतीन भागिले १.८, त्याचा वर्ग, येतात पावणेचार. म्हणजे डबीत पाऊस पावणेचार पट, परात मात्र ३.२ पटीने लहान. जमलेलं पाणी बघाल तर डबी किंचित पुढेच! आणि झूम केल्यावर, पोर्ट्रेटच्या अंतराला म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात ७० मिलिमीटरला, डबी २.८ वर असते आणि माझी किट लेन्स, कॅमेऱ्याबरोबर मिळणारी तीच १८-१०५, पाचच्या आसपास आलेली असते, तिथे तर जवळजवळ बरोबरी. मी हा हिशोब तीनदा केला. मग चहा केला आणि चौथ्यांदा केला.

कागदावरचं खरं वाटेना म्हणून सोसायटीच्या गणपतीत आरतीच्या वेळी दोन्ही घेऊन उभी राहिले. ट्यूब बंद, समई आणि निरांजनं, तेवढाच उजेड. शटर दोन्हीकडे सेकंदाचा एक साठांश. डी-९० साडेतीनवर, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात चित्र उजळवायचा आकडा, ३२०० लावावा लागला, ते त्याचं नेहमीच्या आकड्यांतलं शेवटचं टोक. डबी १.८ वर, आयएसओ ८०० मध्ये काम झालं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर लावले. आमच्या शेजारच्या काकू पहिल्या रांगेत होत्या, काळी चंद्रकळा नेसून, आणि डी-९० च्या फोटोत त्या काळ्या रंगात लाल-हिरवे ठिपके असे पसरलेले जसं काही कुणी हळद-कुंकू सांडलंय. डबीच्या फोटोत लुगड्याची चुणी न् चुणी वेगळी दिसत होती. अहो मला लाजच वाटली, एवढी वर्षं खांद्याला रग लागेपर्यंत ते ओझं वाहिलं ते कशासाठी. बरोबरीच्या उजेडात नवा सेन्सर जिंकणारच होता, कारण त्यात वायरिंग प्रकाश झेलणाऱ्या थराच्या मागे असतं, जुन्यात ते पुढे असायचं आणि प्रकाश आधी त्या जाळीतून यायचा.

इथेच व्याख्यान संपलं असतं आणि धूड आठ हजाराला गेलं असतं. पण कपाटात माझी पन्नास मिलिमीटरची, १.८ ला उघडणारी लेन्स पडली होती, प्लॅस्टिकची, हलकी, झूम नाही काही नाही, सेकंड हँडमध्ये काही हजारात मिळते. ती लावली. आता पाऊस दोन्हीकडे तोच, ताम्हिणीचाच, आणि परात ३.२ पट मोठी. लक्षात आलं का काय झालं?

सासूबाई खिडकीशी गवार निवडत बसल्या होत्या, त्यांचेच दोन फोटो काढले, एक डबीने ७० ला, एक पन्नासने, चौकट साधारण सारखीच. डबीच्या फोटोत चेहरा छान आला, पण मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर इतकं स्वच्छ की एकादशी कधी आहे ते वाचता येतंय. पन्नासच्या फोटोत कॅलेंडर म्हणजे एक पांढुरका, मऊ डाग, आणि पुढे सासूबाईंच्या बोटांच्या शिरा, नखाखाली अडकलेली गवारीची शीर, आणि गालावर खिडकीचा उजेड. मागचं असं धूसर होण्याला फोटोवाले बोके म्हणतात, मांजरांशी संबंध नाही, जपानी शब्द आहे. हे का होतं त्याचं सोपं कारण सांगते, लेन्सच्या आतल्या भोकाचा खराखुरा व्यास काढा. पन्नास मिलिमीटर भागिले १.८, जवळजवळ २८ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयाचं नाणं. डबीची लेन्स ७० म्हणवते पण खरी आहे २५.७ मिलिमीटर, भागिले २.८, येतात नऊ मिलिमीटर, वाटाणा. नाण्याएवढ्या खिडकीतून बघितलं तर मागचं जग विरघळतं, वाटाण्याएवढ्या भोकातून नाही विरघळत, आकाराचा खेळ आहे, आणि खिशात मावणाऱ्या डबीत एवढी मोठी खिडकी बसवायला जागाच नसते.

सासूबाईंना मात्र पहिला फोटो आवडला. दुसऱ्यात म्हणाल्या माझं घर कुठे गेलं गं.

आता वापरायचं कसं वाटतं ते. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभी होते, पथकाचं वादन थांबलेलं, समोर ध्वजवाला मुलगा पाणी पीत होता. डबी पर्समध्ये बंद होती. एकदम टोल पडला, त्याने ध्वज उचलला आणि गिरकी घेतली, मी बटण दाबलं, लेन्स घरंगळत बाहेर आली, मग आठवलं उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून व्ह्यूफाइंडर वर काढायला हवा, तो काढला, डोळा लावला, तोवर ध्वज परत खांद्यावर. धूड असतं तर गळ्यात असतं, चालूच असतं, आणि चालू करायलाही डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. वर त्यातून जे दिसतं ते आरशातून, प्रिझममधून आलेलं खरं दृश्य, स्क्रीन नाही. बॅटरीचं तेच, कंपन्या ज्या पद्धतीने मोजतात त्याप्रमाणे डी-९० एका चार्जवर ८५० फोटो काढतो आणि डबी २२०. विसर्जनाला तीन बॅटऱ्या घेऊन निघायचं. आणि गर्दीत मोठा कॅमेरा दिसला की लोक थोडे बाजूला होतात, प्रेसवाल्या का विचारतात, मी मान हलवायचे, हो पण नाही आणि नाही पण नाही. डबी घेऊन गेलं तर कोपर खावं लागतं.

पण हेच उलटं मंडईत. धूड काढलं की भाजीवाल्या मावशी पदर सारखा करून ताठ बसतात, फोटो म्हणजे आधार कार्डाचा. डबीकडे कुणी बघतच नाही, त्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत राहतात आणि तुम्हाला ते शिंपडणं मिळतं. आणि लग्नात! अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चाललीत, मुलीची आई डोळे पुसतेय आणि तुमचं धूड खाडखाड खाडखाड, आरसा वर, आरसा खाली. भटजींनी एकदा माझ्याकडे असं बघितलंय की बास. डबीत आरसाच नाही, आवाज बंद केला की शांत. फोकसमध्येही डबी कुठच्या कुठे पुढे, ३१५ पॉइंट, चेहऱ्यातला डोळा शोधून धरते, माझ्या डी-९० ला एकंदर ११ पॉइंट आणि अंधारात भरवशाचा मधला एकच. वेगही सेकंदाला २४ फोटो, धुडाचे साडेचार. हे मात्र मला वरदान वाटलं नाही, कारण एका आरतीचे चारशे फोटो घेऊन आले आणि ते निवडण्यात रविवार गेला.

व्हिडिओबद्दल एक गंमत सांगून सोडून देते. डी-९० त्या काळचा एचडी व्हिडिओ सलग पाच मिनिटंच घेतो, डबी फोर-के घेते, तोही सलग पाचच मिनिटं. दहा वर्षांत चित्र कुठे गेलं आणि पाच मिनिटं तिथेच.

पक्ष्यांसाठी विचारत असाल तर भिगवणला डबी नेऊ नका, ७० ला फ्लेमिंगो म्हणजे पाण्यावरचा गुलाबी स्वल्पविराम. कवडी पाटला तेच. तिथे लेन्स बदलता येणारा कॅमेराच पाहिजे.

सांभाळायचं कसं, हे पुण्याच्या पावसाळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडे नव्वदच्या दशकातली एक जुनी ७०-३०० होती, हौसेने घेतलेली, आणि मी ती चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात साड्यांच्या मागे ठेवली, अख्खा जून ते सप्टेंबर. दिवाळीत काढली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. चूक सगळी माझी, चामडं ओल धरतं आणि बुरशीला अंधार आवडतो. आता घट्ट झाकणाचा पोळ्यांचा मोठा डबा आहे, तळाशी ओल शोषणारं सिलिका जेल, त्यात सगळं काचसामान. डबी पण त्यातच. तिची लेन्स कायमची जोडलेली, त्यामुळे सेन्सरवर सहज धूळ बसत नाही, पण बसली तर सगळी खोलावी लागते, डीएसएलआरसारखं ब्लोअरने फुस्स करून भागत नाही. आणि बाहेर-आत करणाऱ्या लेन्सच्या फटीत गुलाल हा शत्रू. गुलाल उधळायला लागले की मी ती चक्क दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालते आणि मान वर करून मिरवणूक बघते.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं की फोनने होत नाही का हे सगळं. होतं की, बरंचसं होतं, म्हणून तर २०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यातून बाहेर पडले आणि २०२० मध्ये एक कोटीसुद्धा नाही. फोनची परात आणखी लहान, पण तो पटापट पाच-दहा वाट्या भरून, म्हणजे पाच-दहा फोटो काढून, एकत्र ओततो. समईच्या उजेडात स्थिर बसलेल्या माणसाला ते चालतं, ध्वज फिरवणाऱ्याला नाही, प्रत्येक वाटीत ध्वज वेगळ्या जागी असतो.

तर मी काय ठरवलं. लेक म्हणाली धूड विक, दुकानदार म्हणाला लेन्ससकट दे, आणि दोघांचंही मी ऐकलेलं नाही. चूक कॅमेऱ्याची नव्हतीच, ती पुढे लावलेल्या लेन्सची होती. डी-९० आणि किट लेन्स ही जोडी म्हणजे बाराशे ग्रॅम वाहून २९९ ग्रॅमचं काम. तीच बॉडी आणि पन्नास म्हणजे डबीला कधीच न जमणारं काम, आणि वजनही पावशेराहून जास्त कमी. त्यामुळे डबी पर्समध्ये, रोज, भाजीला जाताना सुद्धा. धूड घरी, पन्नास लावून, खिडकीजवळ, सासूबाई गवार निवडायला बसल्या की हाताशी. आणि ही १८-१०५ आता घरात नको. कुणाला हवी असेल तर चहाच्या वेळी भेटा, बुरशी नाहीये, मोबाईलचा टॉर्च आतून मारून दाखवते, पुढची-मागची दोन्ही झाकणं देईन. बॅग मिळणार नाही.