जाहिरात म्हणजे दिलेला शब्द: छोट्या व्यावसायिकासाठी कायदा आणि मार्केटिंग

[काळी पार्श्वभूमी. मधोमध रबरी चेंडू, हळूहळू जवळ येणारा.]

मुठीत मावेल एवढा एक रबरी चेंडू. त्याला छोटी नळी आणि आत कार्बोलिक आम्लाची पूड. नळी नाकाशी धरायची, चेंडू दाबायचा, की पुडीची वाफ धुरासारखी नाकात शिरते. सोबतच्या छापील कागदावर सूचना: दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे.

१८९१ च्या नोव्हेंबरातलं लंडन. फ्लूच्या साथीनं माणसं धास्तावलेली. हा चेंडू विकणाऱ्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली. सांगितल्याप्रमाणे चेंडू वापरूनही फ्लू झाला, तर १०० पौंड देऊ. हे नुसतं बोलणं नाही हे लोकांना पटावं म्हणून पुढे आणखी एक ओळ: यासाठी १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत.

लुईझा कार्लिल नावाच्या बाईंनी तो चेंडू विकत घेतला. २० नोव्हेंबरपासून रोज तीनदा, न चुकता, जवळजवळ दोन महिने वापरला. १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांना फ्लू झाला. त्यांच्या वतीनं कंपनीला पत्रं गेली. पैसे काही आले नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं.

कंपनीचं म्हणणं नीट ऐका, कारण आजही धंदेवाले हेच म्हणतात. ‘अहो, ती जाहिरात होती. जाहिरातीत माणूस थोडं फुगवून बोलतोच. आमचा या बाईंशी करार कुठे झाला होता? त्यांनी ऑफर स्वीकारल्याचं आम्हाला कळवलं तरी होतं का?’

अपील कोर्टाच्या तिन्ही न्यायाधीशांनी हे मानलं नाही. बँकेत पैसे ठेवलेत असं तुम्हीच छापलंत, म्हणजे तुम्ही मनापासून बोलत होतात. अट तुम्ही घातलीत, बाईंनी ती पाळली. करार झाला. १०० पौंड द्या. तारीख होती ७ डिसेंबर १८९२. करारांचा कायदा शिकवताना हा खटला आजही सांगितला जातो.

[चेंडू बाजूला सरकतो. मोबाइलच्या पडद्यावर टाइप होणारी जाहिरातीची ओळ.]

ही गोष्ट सुरुवातीलाच सांगायचं कारण आहे. धंदा सुरू करणारा माणूस कायदा एका कप्प्यात ठेवतो आणि मार्केटिंग दुसऱ्या. कायदा म्हणजे वकील, फी, कटकट. मार्केटिंग म्हणजे पोस्ट, फोटो, सवलती. प्रत्यक्षात दोन्हीकडे काम एकच असतं, शब्द देण्याचं. पाटीवरचं नाव, जाहिरातीतली हमी, भागीदाराशी ठरलेली वाटणी, ग्राहकानं विश्वासानं दिलेला फोन नंबर, हे सगळे दिलेले शब्दच. मार्केटिंग ते लोकांपर्यंत नेतं आणि कायदा ते मोजून घेतो.

म्हणून जाहिरात टाकण्याआधी ती एकदा मोठ्यानं वाचा. ‘पसंत न पडल्यास पैसे परत.’ किती दिवसांत? वापरलेली वस्तूही परत घेणार का? परत पाठवण्याचा खर्च कुणाचा? ‘शंभर टक्के नैसर्गिक.’ कुणी विचारलंच तर दाखवायला कागद आहे? ‘सर्वोत्तम सेवा’ म्हणालात तर फारसं कुणी अडवणार नाही, ते मत झालं. पण ‘दुप्पट टिकतं’ म्हणालात की ते मोजता येतं, आणि जे मोजता येतं त्याचा पुरावा मागता येतो. तो पुरावा जाहिरात छापण्याआधीच हातात हवा, तक्रार आल्यावर शोधायला निघून उपयोग नाही.

आणखी एक हिशेब करायचा असतो, जो मोठमोठ्यांना जमला नाही. १९९२ साली ब्रिटनमध्ये व्हॅक्युम क्लीनर आणि घरगुती उपकरणं विकणाऱ्या हूवर कंपनीनं योजना काढली. १०० पौंडांची खरेदी करा आणि विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट मिळवा. आधी युरोपची, मग अमेरिकेची. तिकिटाची किंमत वस्तूपेक्षा कितीतरी जास्त! लोक अर्ज भरताना कंटाळून सोडून देतील असा कंपनीचा अंदाज होता. लोकांनी सोडलं नाही. नको असलेले व्हॅक्युम क्लीनरही तिकिटासाठी विकले गेले. कंपनीला जवळपास ५ कोटी पौंडांचा फटका बसला आणि दावे पुढे कित्येक वर्षं चालले. तुमची योजना छोटी असेल, गणित मात्र हेच. योजना बघून सगळेच्या सगळे आले, तर झेपेल का? झेपणार नसेल तर ‘पहिल्या ५० जणांसाठी’ आणि ‘अमुक तारखेपर्यंत’ हे त्याच जाहिरातीत लिहा. ‘फुकट’ जितक्या मोठ्या अक्षरात, तितक्याच ठळकपणे अटही दिसू द्या. ग्राहकाला नंतर कळणारी अट ही माझ्या मते फसवणुकीची पहिली पायरी आहे, मग ती कायद्यात बसत का असेना.

[बाटलीवरचा लाल त्रिकोण, जवळून.]

आता नावाकडे येऊ.

हा लाल त्रिकोण बास या बिअरचा. ब्रिटनमध्ये १८७५ साली ट्रेडमार्कच्या, म्हणजे मालाची ओळख पटवणाऱ्या नावाच्या किंवा चिन्हाच्या, नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली. पहिला नंबर या त्रिकोणाला मिळाला. तो मिळावा म्हणून कंपनीचा माणूस आदल्या रात्रीपासून कचेरीच्या दाराशी बसून होता, असं सांगतात. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांनी १८८२ मध्ये पॅरिसमधल्या एका बारचं चित्र काढलं, त्यात काउंटरवर हीच बाटली दिसते. अक्षर न वाचताही ओळखू येते. चिन्हाची ताकद ती हीच.

इथे तीन गोष्टींची गल्लत सर्रास होते. कंपनीचं नाव नोंदवणं वेगळं, वेबसाइटचं नाव घेणं वेगळं आणि ट्रेडमार्क नोंदवणं वेगळं. पहिली दोन झाली म्हणून तिसरं झालं असं होत नाही. पाटी रंगवून, पिशव्या छापून झाल्यावर तेच नाव दुसऱ्याच्या मालकीचं आहे हे कळणं फार महागात पडतं. म्हणून आधी शोध. बहुतेक देशांच्या ट्रेडमार्क कार्यालयांची नोंदवही इंटरनेटवर विनाशुल्क बघता येते. मिळतंजुळतं नाव, मिळताजुळता उच्चार, सगळं तपासा. माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. नोंदणी आपल्या वर्गापुरती आणि त्या देशापुरती असते. पलीकडच्या देशात माल पाठवायचा विचार असेल तर तिथली वेगळी व्यवस्था करावी लागते.

नाव कसं असावं? मालाचं वर्णन करणारं नाव सुचायला सोपं, पण राखायला अवघड. ‘ताजा माल’, ‘स्वच्छ सेवा’ असले शब्द सगळ्यांचेच, त्यावर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये आपल्या कॅमेऱ्यासाठी ‘कोडॅक’ हा शब्द चक्क बनवला. कुठल्याच भाषेत त्याला अर्थ नव्हता, त्यामुळे तो पूर्ण त्यांचाच झाला. अर्थात अर्थ नसलेलं नाव लोकांच्या तोंडी बसवायला वेळ आणि पैसा लागतो. छोट्या धंद्यासाठी मला मधला रस्ता बरा वाटतो. मालाकडे नुसती खूण करणारं नाव, थेट वर्णन न करणारं.

आणि लोगो? तो ज्यानं काढला, त्याच्याकडून हक्क लेखी घ्या. बाहेरच्या डिझायनरला पैसे दिले म्हणजे चित्राची मालकी आपोआप तुमच्याकडे आली, असं बऱ्याच देशांत होत नाही. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोचंही तेच. बर्न करार हा लेखक-कलाकारांच्या हक्कांबाबतचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय करार. त्यात १९०८ साली आलेलं तत्त्व असं की कलाकृतीवरचा हक्क ती तयार होताच लागू होतो, त्यासाठी नोंदणीची गरज नाही. फोटोवर नाव नाही म्हणजे तो कुणाचाच नाही, असं समजू नका. आपल्या मालाचे फोटो आपणच काढावेत. साधे असले तरी खरे असतात.

[टेबल. दोन खुर्च्या. कोरा कागद आणि पेन.]

या कागदापाशी मला जरा थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त दुःख मी इथेच पाहिलं आहे.

दोन मित्र धंदा सुरू करतात. एकानं पैसे घातलेले, दुसरा सकाळपासून रात्रीपर्यंत राबतोय. ‘आपल्यात कसला कागद?’ हे वाक्य दोघंही प्रेमानं म्हणतात, आणि त्यात खोटं काही नसतं. पण तुम्ही कागद लिहिला नाहीत, तर कायद्याकडे तयार कागद असतोच. इंग्लंडचा १८९० चा भागीदारी कायदा आजही लागू आहे. त्यात म्हटलंय की वेगळं काही ठरलं नसेल तर नफा समान वाटायचा, कुणी किती भांडवल घातलं याचा संबंध नाही. मुदत ठरलेली नसेल, तर एक भागीदार नोटीस देऊन भागीदारी संपवू शकतो. इतर अनेक देशांतही याच धर्तीचे नियम आहेत. शिवाय साध्या भागीदारीत एकानं धंद्यासाठी केलेलं कर्ज दुसऱ्याच्या घरापर्यंत पोचू शकतं.

म्हणून लिहा. कुणी काय घातलं, कोण कोणतं काम बघणार, दरमहा कोण किती उचलणार, किती रकमेच्या वर दोघांच्या सह्या लागणार. आणि जो प्रश्न विचारायला जीभ अडखळते तो आवर्जून लिहा: एकाला बाहेर पडायचं असेल, तो आजारी पडला किंवा राहिलाच नाही, तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरणार आणि ती घरच्यांना कशी मिळणार? मैत्री चांगली असतानाच हे बोलता येतं. बिनसल्यावर त्याच प्रश्नाचं उत्तर दोघांचे वकील देतात.

कंपनी काढली की चित्र बदलतं. अ‍ॅरन सॉलोमन हे लंडनमधले बुटांचे व्यापारी. त्यांनी १८९२ मध्ये आपला धंदा कंपनीत बदलला. कायद्याला सात भागधारक लागत, म्हणून स्वतः, पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे. २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्यांचेच. कंपनी बुडाली. ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, त्यांनीच कर्ज फेडावं, असा दावा झाला आणि खालच्या दोन्ही कोर्टांत ते हरले. नोव्हेंबर १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, निकाल फिरवला. कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती आहे, तिचं कर्ज तिचं. आज कुणीही मर्यादित जबाबदारीची कंपनी काढतो तेव्हा याच निकालाच्या सावलीत उभा असतो. पण ही सावली दोन ठिकाणी सरकते. बँकेनं कर्जासाठी तुमची वैयक्तिक हमी घेतली, तर त्या कर्जापुरते तुम्ही पुन्हा उघडे पडता. आणि घरखर्च व धंदा एकाच खात्यातून चालवलात, तर कंपनी वेगळी आहे हे सांगताना तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. वेगळं बँक खातं पहिल्या दिवसापासून हवं.

[खोक्यात ओळीनं लावलेली ग्राहकांची कार्डं.]

राहिला ग्राहक. त्याचा नंबर, ई-मेल, पत्ता तुमच्याकडे येतो तो एका कामासाठी. माल घरपोच व्हावा म्हणून दिलेला नंबर जाहिराती पाठवायला परस्पर वापरू नका. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार, ‘मला ई-मेल नकोत’ म्हणणाऱ्याचं नाव कामकाजाच्या १० दिवसांत यादीतून काढावं लागतं. युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि तो संमतीबाबत त्याहून कडक आहे. विकत घेतलेली नंबरांची यादी तर हातात धरू नये. कायद्याचं राहू द्या, अनोळखी माणसाला रोज मेसेज करून पत वाढत नाही. तेच खोट्या अभिप्रायांचं. ते विकत घेण्यावर आणि विकण्यावर अमेरिकेत २०२४ मध्ये स्पष्ट बंदी आली. खरा ग्राहक खूश असतो तेव्हा त्याला तिथल्या तिथे ‘दोन ओळी लिहाल का?’ असं विचारावं. बहुतेक माणसं लिहितात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं इतकंच.

आणि पैसा कुठून वसूल होतोय हे मोजा. छापील जाहिरातींच्या काळात व्यापारी प्रत्येक वर्तमानपत्रातल्या कुपनावर वेगळं अक्षर छापत. परत आलेल्या कुपनांवरची अक्षरं मोजली की कोणत्या पेपरानं गिऱ्हाईक आणलं ते कळायचं. आजची वेगळी लिंक आणि वेगळा सवलत कोड हे तेच अक्षर. एवढंही जमत नसेल तर वही ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ महिनाभरानं ती वही उघडलीत, की पुढचा खर्च कुठे करायचा ते दिसेल.

[रबरी चेंडू पुन्हा. शेजारी जुन्या जाहिरातीची चौकट.]

त्या चेंडूवाल्या कंपनीचं पुढे काय झालं? खटला हरल्यावर १८९३ च्या फेब्रुवारीत तिनं पुन्हा जाहिरात दिली. हजारो चेंडू विकले गेले आणि बक्षीस मागायला फक्त तिघं आले, म्हणजे औषध किती गुणकारी बघा, असं त्यात लिहिलं. बक्षीसही दुप्पट केलं, २०० पौंड. या वेळी मात्र खाली अटी होत्या. खरेदी १ जानेवारी १८९३ नंतरची हवी. नियमांचा कागद कंपनीकडून मागवून घ्यायचा आणि त्याची एक प्रत सही करून, उपचार सुरू करण्याआधी, लंडनच्या कचेरीत जमा करायची. मुदत ३१ मार्चपर्यंत.